बिंदो पक्ष्याच्या मुलखातून

चंद्रपूर

गोंड राजांच्या या राजधानीच्या वेशींवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आढळते. हत्तीहूनही बलवान प्राणी कल्पिण्याची ही ओढ गोंडी मौखिक परंपरेत आणखी पुढे गेली असून, तेथे हत्ती मारणारा प्राणी हा एक काळा पक्षी आहे. त्याचे नाव बिंदो. त्याची कथा लिंगोच्या गाथेत येते. लिंगो म्हणजे गोंडांना गोत्रांची आणि देवांची व्यवस्था लावून देणारा आद्यपुरुष. ही गाथा जपली ती परधानांनी, म्हणजे किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या समाजाने. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिचा एक पाठ उतरवून घेतला, आणि १८६३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये तो प्रसिद्ध केला.

गडचिरोली

महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले होते. त्यांच्या सुटकेसाठी त्याने लिंगोकडे बिंदोची पिल्ले मागितली. पिल्लांच्या शोधात लिंगो समुद्रकाठी पोचला तेव्हा नर-मादी रानात गेली होती आणि पिल्ले एकटीच होती. आईच्या माघारी ती उचलली तर आपण चोर ठरू, असा विचार करून लिंगो तेथेच थांबला. एवढ्यात बिंदोच्या सात विणी गिळून बसलेला भवरनाग पाण्यातून वर आला, तेव्हा लिंगोने बाण मारून त्याचे सात तुकडे केले. परतलेल्या पक्ष्यांना पिल्लांकडून सारी हकीकत कळली, आणि त्यांनी लिंगोला पिल्लांसह पंखांवर घेऊन महादेवाकडे पोचवले. ती गुहा गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची, अशी श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते.

कमलापूर

सिरोंचा वनविभागातील या गावी वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, शिवाय २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळपही गडचिरोली जिल्ह्यात शिरला. प्रत्यक्ष हत्तीचा आकार पाहिल्यावर त्याचे डोळे फोडून खाणाऱ्या आणि त्याचा मेंदू पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याची कल्पना किती अफाट आहे, ते ध्यानात येते. तरीही या गाथेचे खरे मोल त्या बळाच्या वर्णनात नाही. एवढ्या बलाढ्य पक्ष्यालाही आपली पिल्ले राखता आली नाहीत, ती माणसाने राखली. आणि त्या उपकाराची फेड म्हणून पक्ष्याने माणसाच्या साऱ्या कुळाच्या सुटकेची वाट मोकळी केली. रानाकडून काही हवे असेल तर ते त्याच्या समक्ष मागावे आणि त्याआधी त्याच्या लेकरांचे रक्षण करावे, हा दंडक या गाथेने घालून दिला आहे. जंगलावरच पोट असलेल्या या मुलखात तो आजही पाळण्याजोगा आहे.