टोपी ओळखणारा मुकादम

आपल्या भाषेत आजार नेहमी बाहेरून येतात. ताप येतो, साथ येते, पटकी गावात शिरते. जणू हे सारे आगंतुक पाहुणे. दार नीट लावले असते तर टळले असते! कॅन्सरलाही आपण याच पंगतीत बसवतो आणि विचारतो, “हा कुठून आला?”

माझे चुलते, ज्यांना सारे घर आबा म्हणे, चाकूरचे. शेतातली तूर गाडीत घालून लातूरच्या मोंढ्यावर न्यायची, आणि जाता-येता चंचीतली तंबाखू चुन्याबरोबर मळून गालात धरायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पुढे गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, आणि निदान झाले कॅन्सरचे. दुसऱ्याच दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आबांचा पेला वेगळा काढून ठेवला. आबा त्यांना काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, “तू शिकलेला आहेस. सांग बरं, बाहेरून काय शिरलं म्हणावं माझ्यात?”

या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. बाहेरून आली ती तंबाखू. पुढचा सारा उत्पात घरच्याच मंडळींनी केला!

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक कारखाना. तिथे रात्रंदिवस प्रथिने तयार होतात. कोणते प्रथिन कसे करायचे याची मूळ वही पेशीच्या केंद्रकात, कडीकुलपात असते. तिच्यातून लागेल तेवढ्या मजकुराची चिठ्ठी उतरवून बाहेर पाठवली जाते. या चिठ्ठीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. गंमत अशी, की प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. शास्त्रज्ञही तिला टोपीच म्हणतात. ही टोपी ओळखून चिठ्ठीला रायबोसोम नावाच्या यंत्राकडे नेणारे एक प्रथिन आहे. १९७८ साली नाहुम सोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हुडकून काढले. त्याचे नाव ईआयएफ ४ई. नाव रुक्ष आहे, म्हणून आपण त्याला मुकादम म्हणू.

डाळमिलच्या फाटकावरचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. ज्या गाडीची पोती मोकळी, ती झटकन आत जाते. जिच्या दोरखंडांना गाठीवर गाठी, ती खोळंबते. मुकादमाला सवड झाली आणि गाठी सोडवणारे गडी त्याने हाताशी घेतले, तरच तिचा नंबर लागतो. पेशीतही असेच चालते. रोजच्या संसाराच्या चिठ्ठ्या साध्या असतात. पण ‘वाढा, दुप्पट व्हा’ असे सांगणाऱ्या अनेक चिठ्ठ्यांचा सुरुवातीचा भाग लांबलचक आणि गुंतागुंतीचा असतो. मुकादम मोजकेच, म्हणून या उतावळ्या चिठ्ठ्या आपोआप आवरलेल्या राहतात. शिवाय मुकादमाचा हात धरून ठेवणारे आणखी एक प्रथिन निसर्गाने नेमले आहे. अन्न भरपूर असले आणि वाढीचा निरोप आला, की एमटॉर नावाचा कारभारी त्याला हात सोडायला लावतो.

कित्येक कॅन्सरांत हा हात सुटतो तो सुटतोच, किंवा मुकादमांचीच संख्या वाढते. मग वाढीच्या चिठ्ठ्यांना रान मोकळे! १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींत हे एकच प्रथिन वाढवून पाहिले, आणि त्या पेशी कॅन्सरच्या वाटेला लागल्या.

आबांच्या दुखण्याशीही याचा फार जवळचा संबंध आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे. मुंबईला परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि तिथे डॉ. वसंत खानोलकरांनी तंबाखूशी असलेले या रोगाचे नाते अभ्यासले. पुढे १९९७ साली अमेरिकेतल्या लुइझियानातील डॉक्टरांना असे आढळले, की शस्त्रक्रियेनंतर गाठीभोवतीची जी कड सूक्ष्मदर्शकाखाली निर्मळ दिसते, तिच्यातही कधी कधी हे मुकादम जास्त असतात. आणि अशा रोग्यांत दुखणे उलटण्याचा धोका अधिक. आबांचेही दुखणे वर्षाच्या आत उलटले. ते त्यातून उठले नाहीत.

पण कथा इथे संपत नाही. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात हा मुकादम निम्माच होता. ते उंदीर चांगले वाढले, हिंडले-फिरले. मात्र कॅन्सरला त्यांनी दाद दिली नाही. म्हणजे निरोगी संसार निम्म्यात भागतो. हाव असते ती कॅन्सरला! एमटॉर कारभाऱ्याला आवरणारी एव्हरोलिमससारखी औषधे आज काही कॅन्सरांत दिली जातात. खुद्द मुकादमाला आवरणाऱ्या औषधांच्याही चाचण्या झाल्या आहेत.

म्हणून आबांच्या पेल्याची मला अजून हळहळ वाटते. जो रोग घरच्याच प्रथिनांनी मर्यादा सोडल्यामुळे झाला, तो पेल्यातून कोणाला लागणार होता? तो स्पर्शाने लागत नाही, आणि गेल्या जन्मीच्या पापानेही होत नाही. वेगळा काढायचाच होता, तर चंचीचा काढायला हवा होता.

तेव्हा वाचकहो, अभ्यंगस्नान आटोपून आरशासमोर उभे राहाल, तेव्हा घटकाभर तोंड उघडून गालाच्या आत आणि जिभेखालीही पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. आणि घरात कोणाच्या कमरेला चंची असेल, तर यंदाच्या पाडव्याला ओवाळणी म्हणून तीच मागून घ्या.