चाकांवरचे स्वयंपाकघर : सांगली ते श्रवणबेळगोळ

कृष्णाकाठच्या सांगलीहून श्रवणबेळगोळचा रस्ता निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग असा दक्षिणेकडे जातो. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. आज ते कठीण राहिलेले नाही. कठीण असते ते वाटेतील भोजन. सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबातील ऐंशी ओलांडलेल्या आजींचा घराबाहेरचे अन्न न घेण्याचा नियम चाळीस वर्षांचा, आणि सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. या नियमापायीच २०१८ चा महामस्तकाभिषेक त्यांना घडला नाही. पुढचा बारा वर्षांनी. तोवर थांबण्याचे त्यांचे वय नव्हते.

तेव्हा मुलाने आणि सूनबाईंनी घरच्या व्हॅनमध्येच स्वयंपाकघर बसवण्याचे ठरवले. मागील आसने काढायची म्हणून परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घेतली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ कडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते, म्हणून हे सांगितले पाहिजे.

सुताराने घरातल्यासारखी १८ मिलिमीटर प्लायवूडची कपाटे सुचवली. आठ बाय चार फुटांचा तसा एक तक्ता तीस किलोच्या वर भरतो. १२ मिलिमीटरचा वीस-एकवीस, सहाचा दहा-अकरा. व्यापाऱ्याच्या घरात वजनाचा हिशेब लवकर पटतो. सांगाडा बारा मिलिमीटरचा, पाठ व दारे सहाची, फळ्यांना हवेसाठी गोल छिद्रे असे ठरले. पिंप, कुकर, धान्याचे डबे तळाशी, कारण भार वर चढला की वळणावर गाडी झोल खाते. चाळीस लिटर गाळलेले पाणी म्हणजे चाळीस किलो. सिलिंडर पाच किलोचा. त्याच्या कप्प्याच्या तळाशी गाडीबाहेर उघडणारे भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो व गळला तर खाली साचतो. गळण्याचे कापड वाळत घालण्यासाठी सूनबाईंनी एक दांडी मागितली. ती सुताराच्या नकाशात नव्हती.

माघातल्या एका पहाटे गाडी निघाली. दुपारचे भोजन धारवाडच्या अलीकडे एका चिंचेखाली यथास्थित झाले. दावणगेरे ओलांडल्यावर, सूर्यास्ताला पाऊण तास असताना गाडी थांबली आणि शिधा ठेवलेला खण उघडेना. दोघांनी ओढला, उलथन्याने उचकटून पाहिला. खण निघाला तेव्हा क्षितिजावर नुसती लाली होती. आजींनी हात जोडले, णमोकार म्हटला आणि डोळे मिटून बसल्या. त्या रात्री गाडीत कोणीच जेवले नाही. मुलगा चित्रदुर्गपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

दोष लाकडाचा नव्हता. कपाट गाडीच्या पत्र्याला थेट स्क्रूंनी आवळलेले होते. खड्ड्यांतून जाताना गाडीचा सांगाडा किंचित पिळतो. पातळ प्लायवूडचे कपाट त्याच्याबरोबर पिळले आणि खण तिरका होऊन अडकला. सकाळी चित्रदुर्गच्या एका सुताराने स्क्रू सैल करून खाली रबरी चकत्या घातल्या, पाठीच्या कोपऱ्यांत ॲल्युमिनियमचे त्रिकोण ठोकले आणि खणाच्या कडा रंध्याने तासल्या. काम तासाभराचे. खरे तर ते सांगलीतच व्हायला हवे होते. रिकामी गाडी एकदा खराब रस्त्याने फिरवून आणली असती तर ध्यानात आले असते.

दुपारी विंध्यगिरी दिसला. सहाशेहून अधिक पायऱ्या आजी डोलीतून चढल्या. गंगराजांचे मंत्री चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस एकाच पाषाणात घडवलेली ती सुमारे सत्तावन्न फुटांची बाहुबलींची मूर्ती. पायांजवळच्या प्राचीन लेखांत मराठीही आहे. मुलाने तो दाखवला, पण आजींची दृष्टी मुखावरून खाली आलीच नाही.

खाली उतरल्यावर पाच वाजले होते. ज्या धवल सरोवरावरून गावाचे नाव पडले, त्या कल्याणीजवळ गाडी उभी होती. सूनबाईंनी खण ओढला. तो सहज आला. मुगाची खिचडी आणि कढी झाली. आजींनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला तेव्हा सरोवरावर अजून ऊन होते. मग त्यांनी सुनेला विचारले, "कुंथलगिरी इथून किती लांब गं?"