फॅरोंच्या डोंगराआडचे गाव

लक्झरला उतरलेला प्रवासी सहसा दोन दिवसांत सारे उरकतो. पहिल्या दिवशी नाईलच्या पूर्व तीरावरची कर्नाक आणि लक्झर येथील देवळे. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून पश्चिम तीरावरचे राजांचे खोरे, हत्शेपसुत राणीचे मंदिर आणि वाटेवर शेतांच्या कडेला बसलेले मेम्नॉनचे दोन प्रचंड पुतळे. संध्याकाळी तो हॉटेलवर परततो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे राजेच राजे असतात. सोन्याचे मुखवटे, पाषाणाच्या शवपेट्या, भिंतींवरच्या देवदेवता. ज्यांनी हे सारे घडवले त्यांचा विचार करायला त्याला सवडच मिळत नाही. आणि मिळाली तरी, आसुडाखाली राबणारी नाव-गाव नसलेली गुलामांची झुंड, एवढेच चित्र त्याच्या मनात येते.

हे चित्र पुसून टाकायचे असेल तर पश्चिम तीरावरच आणखी अर्धा दिवस काढावा आणि देर-एल-मदीना नावाच्या जागी जावे. हिरवी शेते संपतात, उघडेबोडके पिवळट डोंगर सुरू होतात आणि दोन टेकड्यांमधल्या एका खोलगट जागेत अचानक एक गाव दिसते. छपरे नाहीत, माणसे नाहीत. पण दगड-विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. मधून एक अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून बांधलेली घरे. तटाच्या आत अशी सुमारे ६८ घरे मोजता येतात. आपल्याकडच्या चाळीत राहिलेल्या माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. पुढची खोली देवघरासारखी, मधली बैठकीची, तिच्यात एक खांब आणि भिंतीलगत ओटा. मागे निजायची खोली आणि शेवटी उघड्यावरचे स्वयंपाकघर. तिथल्या चुली आणि गच्चीवर जाणारे जिने कित्येक घरांत आजही ओळखू येतात.

इथे राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर राहत. इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास हे गाव वसले आणि चारशेहून अधिक वर्षे नांदले. पिरॅमिड बांधण्याची चाल तोवर राजांनी सोडली होती. डोंगराएवढे पिरॅमिड म्हणजे चोरांना आमंत्रणच! त्याऐवजी डोंगराच्या पोटात, नजरेआड, थडगी खोदवून घेण्याची रीत पडली. या कामासाठी दगडफोडे, चित्रकार, मूर्तिकार, सुतार आणि कारकून एकाच ठिकाणी बायकामुलांसह वसवले गेले. ते स्वतःला ‘सत्याच्या स्थानातले सेवक’ म्हणवीत. बापाचे काम मुलाकडे जाई. साधारणपणे चाळीस ते साठ माणसे कामावर असत. नावेवरच्या खलाशांप्रमाणे त्यांच्या ‘उजवी’ आणि ‘डावी’ अशा दोन तुकड्या असत आणि प्रत्येक तुकडीवर एक मुकादम असे.

त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. कामाच्या दिवसांत मंडळी डोंगर चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरत आणि रात्री खिंडीतल्या दगडी झोपड्यांत मुक्काम करीत. आठवड्याच्या शेवटी सुटीला घरी येत. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या. त्या वजन करून दिल्या जात आणि वजन करूनच परत घेतल्या जात. थडग्याच्या आत सूर्याचा किरण पोहोचत नाही, म्हणून दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून मिळत आणि कारकून त्यांचा हिशेब लिहून ठेवी.

चित्रे काढण्याची पद्धत पाहायची असेल तर राजांच्या खोऱ्यातले होरेमहेब राजाचे अर्धवट राहिलेले थडगे पाहावे. भिंत गिलाव्याने गुळगुळीत करून तिच्यावर लाल रंगात बुडवलेली दोरी ताणून चौकोन आखत. उभ्या माणसाची आकृती पायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा चौकोनांत बसवायची, असा दंडक होता. मग एक जण लाल रेघांनी चित्र काढी, त्याच्यापेक्षा जाणता काळ्या रेघांनी ते दुरुस्त करी. त्यानंतर मूर्तिकार त्याला उठाव देई आणि शेवटी रंग चढत. पिवळा आणि तांबडा रंग गेरूच्या मातीचा, काळा काजळीचा किंवा कोळशाचा. निळा मात्र वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून मुद्दाम तयार केलेला. माणसाने बनवलेल्या पहिल्या रंगांपैकी तो एक. नेफेर्तारी राणीचे थडगे १९०४ मध्ये सापडले तेव्हा त्यातल्या चित्रांनी जग थक्क झाले. ते काम याच गावच्या हातांचे.

आता या माणसांशी थोडी ओळख करून घेऊ. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी चीप आहे. तिच्यावर रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीतल्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट लिहिला आहे. चाळीस माणसांची नावे आणि त्यांच्या २८० दिवसांतल्या गैरहजेऱ्या! दिवस काळ्या शाईने, कारणे वर लाल शाईने. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक जण घरी बिअर गाळण्यात गुंतला होता, कुणी आईच्या अंत्यविधीत. कुणी बायकोची किंवा मुलीची पाळी होती म्हणून घरी थांबला. कोणत्याही कचेरीतल्या मस्टरला शोभेल असा हा दगड आज सव्वातीन हजार वर्षांचा आहे.

पगार धान्यात मिळे, कारण नाणी अजून यायची होती. साध्या कारागिराला महिन्याला चार ‘खार’ गहू आणि दीड ‘खार’ जव. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. गव्हाची भाकरी, जवाची बिअर, आणि उरलेल्या धान्यावर बाजारहाट. गावात विहीर नव्हती. पाणी गाढवांवरून येई. मासे, भाजी, सरपण आणि धोबीसुद्धा सरकार पुरवी. ओसाड डोंगरातले हे गाव सर्वस्वी बाहेरून येणाऱ्या रसदीवर जगत होते.

आणि एके दिवशी ती रसद थांबली. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीचे २९ वे वर्ष, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमाराची गोष्ट. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्य आले नाही. तेव्हा कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, पहाऱ्याच्या भिंती ओलांडल्या आणि खाली येऊन एका मंदिराच्या मागे बसकण मारली. अधिकारी धावत आले, समजुती घातल्या, आश्वासने दिली. माणसे हलली नाहीत. पुढच्या दिवसांत त्यांनी रामसेस दुसऱ्याच्या भव्य मंदिरात जाऊन धरणे धरले. आम्हांला भुकेने आणि तहानेने इथे आणले आहे, वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमचे म्हणणे राजाला कळवा, असे त्यांनी बजावले. शेवटी मागल्या महिन्याचे धान्य हातात पडले. पण चालू महिन्याचे मिळावे म्हणून ते पुन्हा बसले! अमेननख्त नावाच्या गावच्याच कारकुनाने या हकिकती टिपल्या असाव्यात. तो पपायरस आज इटलीतल्या ट्युरिन शहरी आहे. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप. ज्या राजाला त्यांची प्रजा देव मानीत होती, त्याचे थडगे खोदणाऱ्यांनी तो केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फावल्या वेळात हीच माणसे स्वतःची थडगी बांधीत. राजांनी टाकून दिलेला पिरॅमिड त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला. विटांचा, लहानसा, घराच्या कळसासारखा! गावालगतच्या उतारावर सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे आहे. १८८६ मध्ये ते उघडले तेव्हा लाकडी दार अभंग होते आणि आत कुटुंबातली वीस माणसे विसावलेली होती. अरुंद वाटेने वाकून आत शिरावे लागते, आणि मग लहानशा कमानदार खोलीत सोनेरी पिवळ्या भिंती एकदम समोर येतात. मृत्यूनंतरच्या स्वर्गाचे चित्र तिथे आहे. त्या स्वर्गात सिंहासन नाही की अप्सरा नाहीत. चारी बाजूंनी कालवा वाहतो आहे. सेन्नेजेम बैलांचा नांगर धरून चालला आहे आणि त्याची बायको ईनेफेर्ती मागून बियाणे टाकते आहे. दुसरीकडे तो पीक कापतो आणि ती कणसे वेचते. दोघांची वस्त्रे पांढरीशुभ्र. शेताचा चिखल त्यांना लागत नाही. खाली खजुराची आणि फळांनी लगडलेली इतर झाडे. जन्मभर अंधारात दिव्याच्या उजेडी राजांचे परलोक रंगवलेल्या या माणसाने स्वतःसाठी काय मागितले? उजेड, पाणी, पीक, आणि पाठीमागून चालणारी आपली बायको.

गावातले सारेच असे गोड होते, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. नौनख्त नावाच्या वृद्धेचे मृत्युपत्र आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. इ. स. पूर्व ११४५ च्या सुमारास तिने साक्षीदारांपुढे सांगितले की आपण आठ मुले वाढवली, त्यांचे संसार थाटून दिले. पण म्हातारपणी ज्यांनी हात दिला नाही त्यांना माझ्या वाट्यातले काही मिळणार नाही. ज्याने सांभाळले त्या मुलाला तिने वर एक धातूचे भांडे जास्त दिले. हे वाचताना काळाचे अंतर उरत नाही. इथल्या चित्रकारांची थट्टाही टिकून आहे. भिंतीवर काटेकोर देव काढणारे हात दगडाच्या चिपांवर उंदराची सेवा करणारे मांजर आणि बदके हाकणारा बोका काढीत!

ही सारी माहिती कुठून आली? बरीचशी कचऱ्यातून. गावाबाहेर सुमारे पन्नास मीटर खोल एक खड्डा आहे. पाण्यासाठी खोदलेला असावा. पाणी लागले नाही, आणि पुढे त्यात केरकचरा पडत गेला. त्यातून हजारो लिहिलेल्या चिपा निघाल्या. पावत्या, पत्रे, भांडणे, कर्जे, चित्रांचा सराव. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ पासून १९५१ पर्यंत, मधली महायुद्धाची वर्षे सोडून, हे गाव उकरून काढले. त्याच १९२२ सालच्या नोव्हेंबरात डोंगरापलीकडे तूतनखामेनचे थडगे सापडले होते. जगाचे सारे डोळे तिकडच्या सोन्याकडे लागले असताना अलीकडे हा माणूस धुळीतून खापऱ्या वेचीत होता.

इ. स. पूर्व अकराव्या शतकात राज्याला उतरती कळा लागली. टोळ्यांचे हल्ले, थडग्यांच्या चोऱ्या, थकलेले पगार. गावकरी मेदीनेत हाबू येथील मंदिराच्या तटाआड राहायला गेले आणि गाव ओस पडले. ज्या राजांसाठी ते झिजले त्यांची बहुतेक थडगी लुटली गेली.

माणसाचे नाव उच्चारले जाते तोवर तो जिवंत असतो, अशी इजिप्शियन लोकांची श्रद्धा होती. राजांनी त्यासाठी आपली नावे पाषाणात खोल कोरून घेतली. कारागिरांची नावे हजेरीपटावर, उसनवारीच्या चिठ्ठ्यांवर आणि मृत्युपत्रांत राहून गेली, आणि तीही टिकली. तेव्हा नाईलच्या पश्चिम तीरावर कधी गेलात तर सेन्नेजेमच्या आणि त्याच्या शेजारी इन्हेरखाऊच्या थडग्यात उतरा आणि मग त्या अरुंद गल्लीतून एक फेरी मारा. उन्हे कलताना जावे. डोंगराची सावली घरांवर येते त्या वेळी डोंगर उतरून सुटीला परतणाऱ्या माणसांची वाट पाहणारी चूल कोणती असेल, हे आपण आपल्याच मनाशी ठरवू लागतो.