नट सगळ्यांत शेवटी

श्रीरामपूर सपाट आहे. प्रवरेच्या कालव्याचं पाणी पुढं सरकायला जेवढा उतार लागतो, तेवढाच काय तो या मुलखाला उतार. नेवासा रोडला गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून चहा पिऊन या, ती जागची हलत नाही. म्हणून आमच्याकडे जुन्या गाड्यांचा हँडब्रेक वापरून झिजत नाही, न वापरता गंजतो. घाटातल्या गावांतल्या मिस्तरींचं दुखणं वेगळं, आमचं वेगळं.

गिऱ्हाइकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं. "मिस्तरी, हँडब्रेक कशाला लागतोय? पहिला गिअर टाकायचा, चाकाला वीट लावायची." विटेबद्दल माझी तक्रार नाही. गिअरबद्दल आहे. गिअरमध्ये उभी गाडी थोपवून धरते ती इंजिनातल्या दाबाच्या जोरावर, आणि जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असतात. दाब हळूहळू निसटतो. चढावर उभी केलेली गाडी मग एक हिसका खाते, थोडी थांबते, पुन्हा एक हिसका खाते. मोहटादेवीला जाताना करंजी घाटात किंवा पुण्याच्या वाटेवर चंदनापुरी घाटात चहाला थांबलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळतं. तिथं वीट शोधायची कुठं?

दुसऱ्यांदा कळतं ते आरटीओत. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, आणि पुढं दर पाच वर्षांनी. मोटारीसाठी ही फी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ मध्ये ती पाच हजार झाली. एवढे पैसे भरून गाडी तपासणीला न्यायची आणि तिथं लिव्हर थेट छताकडे उभा राहायचा, हे कुणालाच परवडत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६वा नियम स्वच्छ सांगतो की गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, एक पायाचा आणि एक गाडी उभी करून ठेवण्याचा. स्वतंत्र म्हणजे पायाच्या ब्रेकचं तेल गळून गेलं तरी दुसरा चालला पाहिजे. म्हणून तर हँडब्रेकचा तेलाशी काही संबंध नाही. लिव्हर, वायर, शू, संपलं. घरी हात घालण्याजोगं काम आहे ते याच साधेपणामुळे.

आमच्या भागात अजून सगळ्यांत जास्त येते ती मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, पण उसाच्या पट्ट्यात ती अजून मळ्यात जाते, बाजारात येते, लग्नाला जाते. तिच्या मागच्या दोन्ही चाकांत ड्रम आहेत आणि हँडब्रेक त्यांच्यावरच चालतो.

लिव्हर वर आला की माणूस काय करतो? लिव्हरपाशी वायर ताणणारा नट आहे, तो आवळतो. दोन मिनिटांचं काम. लिव्हर लगेच खाली येतो, मन खूश होतं. माझं सगळं भांडण या नटाशी आहे. ड्रमच्या आत शूला एक छोटा लिव्हर जोडलेला असतो. हँडब्रेक सोडल्यावर तो आपल्या टेकूवर पूर्ण परत येऊन बसला पाहिजे. तो बसला तरच शू आणि ड्रममधली फट मोजून ती भरून काढणारा ॲडजस्टर नीट काम करतो. वायर ताणून ठेवली की हा लिव्हर अधांतरी राहतो. ॲडजस्टर गप्प बसतो, शूवरचा लायनर झिजत जातो, पायाचा ब्रेकही खोल जायला लागतो. मग पुन्हा नट आवळायचा. असं करत करत एक दिवस आटे संपतात. लिव्हरची रबरी खोळ वर करून मी आधी तेच बघतो. नट आट्यांच्या शेवटाला भिडलेला असेल तर ड्रममध्ये काय सापडणार ते न उघडता सांगता येतं.

तेव्हा सुरुवात नट ढिला करण्यापासून. पूर्ण ढिला. मग गाडी उचलायची, आणि इथं एक गोष्ट बारकाईनं वाचा. मारुती ८०० पुढच्या चाकांवर ओढते, म्हणून मागून उचलली तरी पहिला गिअर पुढची चाकं धरून ठेवतो. ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसिडर या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांची मागची चाकं हवेत गेली की गिअरचा काही उपयोग नाही, आणि हँडब्रेक तर नादुरुस्तच आहे. मग पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी उभी राहील ती घोडीवर, आणि जमीन फरशीची किंवा काँक्रीटची हवी. काळ्या रानात घोडी खचते.

आता दोन्ही चाकं हातानं फिरवून बघा. लिव्हर खाली असताना मोकळी फिरली पाहिजेत. मग एकेक खटका वर घ्या. नट ढिला असल्यानं चाक उशिरा जड होईल, पण ते दोन्हीकडे सारखंच व्हायला हवं. एक चाक आवळलं आणि दुसरं मोकळं फिरतंय, तर मोकळ्या बाजूची वायर अडकली आहे किंवा त्या ड्रममध्ये गडबड आहे. बहुतेकदा वायरच. तिच्या टोकाच्या रबरी बुटाला चीर गेलेली असते, पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल आत शिरतो आणि उन्हाळ्यात आपली काळी माती सिमेंटसारखी बसते. तेल सोडून वायर हलवली तर ती चार दिवस चालते. मी तेल सोडत नाही, वायर बदलतो.

ड्रम काढताना हातोडीनं बडवू नका. ड्रम बिडाचा असतो, काठ उडतो. काही गाड्यांच्या ड्रमवर दोन रिकामी आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलं की ड्रम आपसूक बाहेर सरकतो. आतली भुकटी फुंकर मारून किंवा हवा मारून उडवायची नाही, गॅरेजमध्ये सर्रास उडवतात तरीही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठं होती ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. ड्रम बाहेर असताना पायाचा ब्रेक कुणी दाबायचा नाही. घरात पोरं असतील तर दारं लॉक करा, कारण पेडल दाबलं की व्हील सिलिंडरचे दट्टे बाहेर उडतात.

आत काय बघायचं? सिलिंडरचं रबर बोटानं थोडं उचला. खाली ओलं लागलं तर ब्रेक ऑइल गळतंय. त्यानं भिजलेला लायनर कितीही घासला, उन्हात ठेवला, पेटवून तेल जाळलं तरी पकडत नाही. असे सगळे उपाय मी पाहिले आहेत. सिलिंडर बदलून शूचा जोड नवा घालायचा, दोन्ही चाकांना. मात्र सिलिंडरचं काम आलं की तेलातली हवा काढणं आलं, आणि इथं घरच्या माणसानं थांबावं असं माझं मत आहे. हँडब्रेक चुकला तर गाडी घरंगळते, पायाचा ब्रेक चुकला तर माणूस जातो.

कोरडं असेल तर काम सोपं. शू जिथं मागच्या पत्र्यावर टेकून सरकतात, तिथं गंज घासून ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. जास्त लावलं की तापून लायनरवर येतं. ॲडजस्टर उघडून साफ करायचा, ड्रम बसवून हातानं फिरवल्यावर लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत शू बाहेर घ्यायचे. दोन्ही बाजूंना हे झालं, पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबून शू मधोमध बसले, की मग लिव्हरकडे यायचं. नट तेव्हा आवळायचा, साधारण पाच ते सात खटक्यांत गाडी धरेल इतका. लिव्हर खाली टाकल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना, ते पुन्हा बघायचं.

विटेची बाजूही सांगितली पाहिजे. आषाढ-श्रावणात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलसर हवेत लायनर ड्रमला गंजानं चिकटतो आणि निघताना चाक फिरतच नाही. त्या दिवसांत गिअर आणि वीट हीच जोडी बरी. एरवी मात्र गरज नसली तरी रोज ओढा, म्हणजे वायर आत सरकती राहते.

चाचणीला गावात चढ नाही. आम्ही कालव्याच्या भरावावर चढणाऱ्या रस्त्यावर गाडी नेतो, आधी तोंड वर करून, मग खाली करून. दोन्ही बघायचं, कारण चाक ज्या दिशेनं फिरू पाहतं त्याप्रमाणे एक शू जास्त ओढला जातो, दुसरा कमी. वर धरणारी गाडी खाली धरेलच असं नाही. नवी वायर घातली असेल तर पहिल्या आठवड्यात ती थोडी बसते, खटका-दोन खटके वाढतात. त्या वेळी नट अर्धा फेरा आवळायला माझी हरकत नाही.