कोड वाचणारा मॅनेजर

डेव्हलपरला 'कधी होईल?' असं विचारलं की तो एक तारीख सांगून मोकळा होतो. 'यात अवघड काय आहे?' असं विचारलं की मात्र तो बोलायला लागतो. हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून मी रोज जी कामं करतो, त्यात हा दुसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण तो विचारायचा तर उत्तर समजायला हवं.

मी आधी जावामध्ये कोड लिहायचो. मॅनेजर झाल्यावर बऱ्याच जणांचा कोडशी संबंध सुटतो, हाताशी एक्सेल आणि प्रेझेंटेशन तेवढं उरतं. मी एक सवय सोडली नाही. टीम यायच्या आत आदल्या दिवशीच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे टीमने तपासायला पाठवलेले कोडमधले बदल, वाचून काढायच्या. त्यावर शेरे मारायचे नाहीत, ते काम टेक लीडचं. नुसतं वाचायचं. कोण कुठे अडलंय, कुणी निगुतीने केलंय, कुणी घाईत उरकलंय, ते तिथे दिसतं. स्टेटस रिपोर्टमधल्या '80 टक्के पूर्ण'वरून यातलं काहीच कळत नाही.

विम्याच्या एका प्रोजेक्टवर पॉलिसींच्या यादीचं पान उघडायला फार वेळ लागायचा. क्लायंट अमेरिकेतला, संध्याकाळच्या कॉलवर रोज तीच तक्रार. काम होतं नांदेडहून आलेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीकडे. टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, स्टँडअपमध्ये, ती एवढंच म्हणायची, "अजून बघतेय, सर." काम दुसऱ्याला देऊया, असं लीडचं मत पडलं. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "तू काय काय बघितलंस, ते मला दाखव."

तिने डेटाबेसचा लॉग उघडला. एका पानासाठी शेकडो क्वेरी सुटत होत्या. आधी पॉलिसींची यादी यायची, मग प्रत्येक पॉलिसीच्या ग्राहकाचं नाव आणायला एकेक वेगळी क्वेरी. जावा आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या हायबरनेटवर काम केलेल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. कोडमध्ये साधं नाव मागितलेलं दिसतं, डेटाबेसकडे मारलेली फेरी दिसत नाही. मुलीने हे शोधलं होतं. जॉइन लावून सगळं एकाच क्वेरीत आणायचं, हेही तिला ठाऊक होतं. मग अडलं कुठे? तीच मेथड आणखी चार ठिकाणी वापरलेली होती आणि तिच्यावर एकही टेस्ट नव्हती. बदल केला तर कुठे काय मोडेल, याचा तिला अंदाज येत नव्हता. तिची भीती अगदी रास्त होती. पण सगळ्या टीमसमोर, दोन मिनिटांत, नवीन मुलीने हे सांगायचं कसं?

आधी टेस्ट लिही, म्हटलं, क्लायंटशी मी बोलतो. तारीख पुढे का जातेय, ते मी त्यांना कारणासकट सांगितलं. काम झालं तेव्हा कॉलवर तिलाच बोलायला लावलं. इंग्रजीची धास्ती होती, पहिली दोन वाक्यं अडखळली, पण पलीकडच्या आर्किटेक्टने नेमके प्रश्न विचारले तशी ती सुटली. पुढच्या प्लॅनिंगला तिने एक किचकट मॉड्यूल स्वतःहून मागून घेतलं. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी, केक, टी-शर्ट यांना माझा विरोध नाही. पण ज्याला आपलं काम कळतं त्याने ते बघितलं, याने डेव्हलपरला जी उभारी येते ती या कशाने येत नाही.

डेडलाइन जवळ आली की वरून निरोप येतो, "आणखी चार माणसं देतो." आयबीएमच्या ओएस/360 या प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुनेच लागतात. शिवाय सहा जणांत एकमेकांशी बोलण्याच्या 15 जोड्या होतात, दहा जणांत 45. मी अशा वेळी माणसं नको म्हणतो आणि कुठली दोन फीचर पुढच्या रिलीजला ढकलता येतील, त्याची यादी पुढे करतो. वाद होतात. ते अंगावर घेणं माझंच काम आहे, टीमचं नाही.

वेळेचंही तसंच. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. संध्याकाळ कॉलमध्ये गेली की कोड लिहायला सलग वेळ दुपारपर्यंतच मिळतो. म्हणून स्टँडअप आटोपला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या टीमला कुणी मीटिंग लावायची नाही. मलाही काही विचारायचं असेल तर मी लिहून ठेवतो.

अप्रेझलच्या बैठकीत रोजच्या वाचनाचा खरा उपयोग होतो. आमच्याकडचा एक सीनियर मितभाषी आहे, कॉलवर फारसा दिसत नाही. एका वर्षी त्याने नवं थोडं लिहिलं आणि कुणी वापरत नसलेल्या जुन्या कोडच्या हजारो ओळी काढून टाकल्या, एकही गोष्ट न मोडता. त्याच्या नावापुढे मधलं रेटिंग पडलेलं होतं. मी लॅपटॉप उघडून ते बदल एकेक करून दाखवले, त्याने साफ केलेल्या मॉड्यूलमधल्या तक्रारी आधी किती यायच्या आणि आता किती येतात तेही दाखवलं. रेटिंग एक पायरी वर गेलं. माझ्या मते दोन जायला हवं होतं.