दाखला आणि व्हिसा

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात दाखल्यांसाठी गर्दी होते. वर्षभर तुरळक येत राहतात ते माजी विद्यार्थी. त्यांना दाखला हवा असतो पासपोर्टसाठी. माणगाव, गोरेगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील कोकणी मुस्लिम कुटुंबांना आखाताची वाट जुनी आहे. आधी गेलेला मामा किंवा चुलता पुढच्याला बोलावून घेतो. आमच्या वस्त्यांतील आजोबा-पणजोबांची धाव मुंबईच्या गिरण्या आणि गोदीपर्यंतच होती. त्यामुळे आमच्या मुलाला मामाऐवजी एजंट भेटतो.

असाच एक जण आला होता. वसतिगृहात वाढलेला, गणितात अडकून दहावी नापास, पुढे वेल्डिंग शिकलेला. एजंटाने नव्वद हजार मागितले होते. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे कामाचा करून देतो,’ असे सांगितले होते. आई बचत गटाचे कर्ज काढायला निघाली होती. इतिहासाच्या शिक्षकाला कागदाशिवाय काही खरे वाटत नाही. मी विचारले, “करारपत्र कुठे आहे?”

“ते तिकडे गेल्यावर, सर.”

दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला आखाती देशांत नोकरीस जाण्यासाठी सरकारची परवानगी लागते. करार ‘ई-मायग्रेट’वर नोंदवला जातो, दहा लाखांचा विमा उतरवला जातो आणि नोंदणीकृत एजंटाला तीस हजार व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर गेला की यांतले काहीच राहत नाही. काम करताना सापडला तर गुन्हेगार तोच.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याआधी बडोदा संस्थानाशी त्यांनी करार केला होता: शिक्षणानंतर दहा वर्षे नोकरी. आपण कोलंबियाचा अभिमान सांगतो, कराराकडे मात्र लक्ष देत नाही. १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले ते त्याच बांधिलकीने, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. मी हे त्याला सविस्तर सांगितले. तो म्हणाला, “सर, त्यांच्याकडे निदान कागद तरी होता.”

कर्ज राहिले. तो पुरवणी परीक्षेला बसला आणि गणितात सुटला. दहावी झाल्यावर ती ‘ईसीआर’ नोंद निघते. पण सरकारी तपासणीही सुटते, ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. आता करार वाचण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची होती. गेल्या वर्षी तो कामाच्या व्हिसावर गेला. निघण्यापूर्वी कराराची सारी पाने आम्ही शाळेच्या ग्रंथालयात बसून वाचली. जादा कामाच्या मोबदल्याच्या कलमावरच तास गेला.

उशीर झाला तो आमच्याच दाखल्यावरील जन्मतारखेमुळे. दाखल्यावर १ जून, आधारवर वेगळीच. शाळा सोडल्यावर ही नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. पालकांनी मूल नववीत असतानाच कार्यालयात येऊन नाव, आडनाव आणि तारीख पाहून जावी.