स्टेशनरीतला ए आणि ई

जून उजाडला की औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांसाठी पाय ठेवायला जागा नसते. आज गर्दीत अडकल्या अडकल्या नुसत्या पाट्या वाचल्या. देवनागरीत सगळीकडे ‘स्टेशनरी’. इंग्रजीत मात्र शेवटून तिसरं अक्षर कुठे ए, कुठे ई. ई असेल तर कागद-पेन्सिली, ए असेल तर ‘जागचं न हलणारं’. ‘ई फॉर एन्व्हलप’ एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पण ए लिहिणाऱ्याला हसावं, तर दोन्ही शब्द एकाच घरातले निघतात. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले गावोगाव हिंडत. विद्यापीठापाशी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’. त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी.

आपली लिपी कानाचं ऐकते. म्हणून कॉलेजचे प्रिन्सिपल आणि आयुष्यातलं प्रिन्सिपल मराठीत सारखेच दिसतात. इंग्रजीत शेवटची दोन अक्षरं वेगळी. मग आपण निर्धास्त? छे! ‘वेस्ट’ लिहिलं की पश्चिम, कचरा आणि बनियान एका रांगेत उभे. ‘औरंगाबाद वेस्ट’ हा विधानसभेचा मतदारसंघ आहे, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

म्हणजे इंग्रजी डोळ्यांना चकवते, देवनागरीतली इंग्रजी अर्थाला. पाटी तपासायला निघालेल्याने दोन्हींचा हिशेब ठेवावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर हातकागदाचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून राहिले. तिथल्या पाटीवर ए लिहा की ई, दोन्ही खरंच!